वाटीतल्या गोळ्या

माय, आज सकाळी मी पुन्हा तेच केलं, जे तू आपल्या चुलीपाशी बसून करायचीस. काचेच्या बाटलीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींना औषध दिलं, पण मुद्दाम कमी. सगळ्या मरतील इतकं नाही, नुसतं सोसावं लागेल इतकं. औषधाला न जुमानणाऱ्या पेशी हव्या असल्या की आमच्याकडे हीच रीत आहे. पेशीत एक जनुक असतं, औषध निकामी करणारं. एरवी ते मंद चालतं, काही पेशींत मात्र जरा जोरात. थोडं थोडं औषध देत राहिलं की बाकीच्या मरतात, या उरतात, त्यांचंच पीक वाढतं, आणि मग पूर्ण मात्रा ओतली तरी त्या ढिम्म हलत नाहीत. माझ्या हाताखालच्या मुली कौतुकानं म्हणतात, किती चिवट आहेत ना मॅडम! मला किळस येते. सारा जन्म या कामात गेला, मानमरातब मिळाला, तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्या गुबगुबीत पेशी दिसल्या की उलटीच्या आधी सुटतं तसं पाणी तोंडाला सुटतं.

तुझ्या मानेत गाठ आली तेव्हा महाराष्ट्र होऊन दहाएक वर्षं झाली असतील. बाबांना दवाखान्याच्या वासानंच घाम फुटायचा, म्हणून तुझ्यासोबत मी. मी तेव्हा कॉलेजात नुकतीच गेलेली, स्वतःला फार शहाणी समजणारी. जळगाव जामोदहून एसटीनं नांदुरा, तिथून रेल्वेनं नागपूर. तिथले डॉक्टर पुण्याकडचे होते. तू 'मले गिळाले तरास होते' म्हणालीस की ते माझ्याकडे बघायचे, आणि मी ते पुस्तकी मराठीत करून सांगायची. 'मुलगी हुशार आहे हं तुमची,' ते म्हणायचे. मी फुलून जायची. त्यांनी गोळ्या दिल्या. रोज एक, खाडा करायचा नाही. दोन महिन्यांत लिंबाएवढी गाठ हरभऱ्याएवढी झाली. तू पुन्हा भाकरी थापायला बसलीस, आणि घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आणि मग काकू आली. समोरच्या घरातली, तुझी धाकटी जाऊ. तिच्या छातीत गाठ होती आणि ती पुरुष डॉक्टरला दाखवायची म्हटलं तर तिला मरण बरं वाटत होतं. ती अंबाडीच्या भाजीची वाटी घेऊन येते, तुझ्या कानाशी काहीतरी कुजबुजते, पदरानं डोळे पुसते. आपल्या घरात कुणाची वाटी रिकामी परत करायची नाही. तू त्या दिवशी वाटीत गुळाचा खडा ठेवलास आणि त्याखाली कागदाची पुडी. मी दारातून बघतेय. पुडीत तुझ्या गोळ्या आहेत.

"माय, काऊन देऊन राह्यली तू तिले?" काकू गेल्यावर मी भांडले. घरात मी आपलंच बोलायची.

"तिले बी गाठ हाय वं."

"अन् तुह्यी?"

"माह्यी तं उतरली. मी एक दिवस आड घेतो. कोणाले सांगजो नको, तिची इज्जत जाईन."

पुढं दर आठवड्याला वाटी येत राहिली, कधी ठेचा, कधी दही, आणि गूळ घेऊन परत जात राहिली. काकूला गोळीनं मळमळायचं आणि त्याचाच तिला आनंद. मळमळते म्हणजे औषध लागू पडून राह्यलं, म्हणायची. मला त्या वाटीचा, त्या गुळाचा, तुम्हा दोघींच्या त्या समाधानी चेहऱ्यांचा संताप यायचा. पण घरात कुणाला सांगितलं नाही. पाच महिन्यांनी तुझी गाठ परत आली, पहिलीपेक्षा मोठी, आणि शेजारी आणखी दोन. नागपूरला डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. त्या भेटीबद्दल मागून लिहिते.

शेवटचे दिवस मला लिहायचे नाहीत, तरी लिहिते. गाठ फुटली होती. उदबत्तीनं तो वास झाकला जात नव्हता. मी तुझ्या मानेवरची पट्टी बदलताना श्वास रोखून धरायची आणि तुला ते कळायचं. तू मान भिंतीकडे वळवायचीस. तेराव्याला बाया जेवल्या, हात पुसले आणि म्हणाल्या, देवमाणूस होती, स्वतःच्या तोंडचं औषध दिलं. म्हणजे सगळ्या गल्लीला माहीत होतं! मला पत्रावळीवरच ओकारी आली. तुझ्या चांगुलपणाचीही मला किळस आली, माय, आज स्पष्टच लिहिते. तुझा जीव काय शेजारी वाटून टाकायची भाजी होती?

काकू ऐंशी पार करून गेली. म्हातारपणी पडली तेव्हा मीच तिला तपासून घेतलं. छातीतली गाठ तशीच होती, निरुपद्रवी, जन्मभर काही न करणारी. तुझ्या गोळ्यांनी तिला फक्त मळमळलं. ती माझा हात धरून म्हणाली, "तुह्या मायनं मले जगवलं वं बाई." मी हो म्हटलं.

आता ती भेट. डॉक्टरांनी तुझी मान चाचपली, कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारलं, "गोळ्या रोज घेत होत्या ना?" तू माझ्याकडे बघितलंस. सांगू का, असं तुझे डोळे विचारत होते. तू सांगायला तयार होतीस, माय. तू 'नाही जी' म्हणायला तोंड उघडलंही होतंस. मी तुझ्या आधी बोलले, शुद्ध मराठीत. "हो डॉक्टर, रोज, एकही दिवस चुकला नाही." ते म्हणाले, पूर्ण मात्रा देऊनही गाठ येते म्हणजे या औषधाचा उपयोग नाही, आणि चिठ्ठीवरच्या गोळ्यांवर काट मारली. खरं कळलं असतं तर त्यांनी रोजची गोळी पुन्हा सुरू केली असती. बाटलीतल्या पेशी सांगतात, तोवर कदाचित उशीर झालाही असेल. कदाचित नसेलही झाला. हे कुठल्याच प्रयोगात मला शोधून काढता आलेलं नाही.

हा कागद उद्या प्रयोगशाळेत वापरलेल्या हातमोज्यांबरोबर जाळायच्या पिशवीत जाईल. सगळ्यांना वाटतं, तुझ्यासाठी मी या कामात आले, आणि मीही भाषणांत तसंच सांगते. काकूची इज्जत राखायला मी खोटं बोलले, असं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. आपण वाटीतून गोळ्या वाटणारी अडाणी माणसं आहोत, हे त्या डॉक्टरांना कळू नये, एवढंच तेव्हा माझ्या मनात होतं.