चौदा देवमासे

३ जानेवारी. सकाळी १०.
नवी डायरी. ऑफिसनेच दिली. प्रत्येक पानाखाली एक प्राणी. आज पाणघोडा.

मालकांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. जूनमध्ये देवमाशांची सहल जाणार, एकोणीस दिवस. बेटं, तिथल्या लोकांचे नाच, मग बोटीतून देवमासे. यंदा आपल्यातलंच एक माणूस ग्रुप लीडर म्हणून जाईल, जोडीदारालाही नेता येईल, असं म्हणाले. म्हणताना थेट माझ्याकडे बघत होते. माझ्या मागे घड्याळ आहे, तरीही.

दुसरं कोण आहे? आमच्या माहितीपत्रकातली शेवटची आठ पानं, ‘संस्मरणीय अनुभव’, एकोणीस वर्षं मी लिहितो. हत्तींच्या कळपासोबत सूर्योदय. बर्फातल्या अस्वलाची पिल्लं. वाळवंटातल्या लोकांचं गाणं. खाली सही, ‘एक समाधानी दांपत्य’. तिकीटवाली नवी आहे. तिने विचारलं की ही माणसं आपल्याला पत्रं पाठवतात का. मी नुसता हसलो. याची एक पद्धत असते. एकदा अंगावर काटा, एकदा डोळ्यांत पाणी, शेवटी शब्द अपुरे पडतात. देवमासा आजवर चौदा वेळा लिहिला. जाऊन पाहिला असता तर एकदाच लिहिता आला असता.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
हिला सांगितलं. ही लोकांचे कपडे दुरुस्त करून देते, तेव्हा कुणाच्या तरी पँटची शिवण उसवत बसली होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी ही म्हणाली होती की मला एकदा देवमासा बघायचाय. तेव्हापासून तेवीस वर्षं मी ‘पुढच्या वर्षी’ म्हणत आलोय. एकदाही शब्द बदललेला नाही.

वाटलं, उडीच मारेल. तर म्हणते, अहो, आधी तुमचा पासपोर्ट बघा.

बायकांना दूरचं दिसत नाही.

संकल्प: रोज चालणे. पोहायला शिकणे. दुर्बीण.

९ जानेवारी.
चालणं उद्यापासून. पासपोर्ट सापडला, इस्त्रीच्या कपड्यांखाली. मुदत चार वर्षांपूर्वीच संपलीय. आत एकही शिक्का नाही, कोरा करकरीत. वस्तू जपून वापरणं म्हणजे काय, ते माझ्याकडून शिकावं.

हिचा मात्र नवा निघाला. गेल्या वर्षी मुलीला घेऊन परस्पर करून आली. म्हटलं, एवढी घाई कशाची होती? ही म्हणाली, तेवीस वर्षांना घाई म्हणतात का?

माझा अर्ज सोमवारी.

२२ जानेवारी.
पोहण्याचा क्लास. शिकवणारा विशीतला, उद्धट. काका, कठडा सोडा, असं बावीस वेळा म्हणाला. मी कठड्याचा नीट अभ्यास करत होतो. शेजारी सहा वर्षांची एक मुलगी आली आणि म्हणाली, घाबरू नका, इथे माझेसुद्धा पाय टेकतात. आईबापांनी काही वळणच लावलेलं नाही.

चौकशी केली. देवमासे बघायला पोहावं लागत नाही. क्लास बंद.

सोमवारी ऑफिसात काम फार होतं. अर्ज पुढच्या सोमवारी.

६ फेब्रुवारी.
मालक म्हणाले, निवडीआधी एक छोटी चाचणी घेऊ. शहराबाहेरच्या पाणथळ जागेवर जुन्या ग्राहकांची अर्ध्या दिवसाची सहल, पक्षी बघायला. लीडर मी. ग्राहक नंतर चिठ्ठीवर अभिप्राय लिहून देतील. उपचार म्हणायचा झालं. हिलाही घेऊन या, मागची एक सीट रिकामी आहे, असंही म्हणाले.

चाळीस मिनिटांचं भाषण लिहिलं. हिला वाचून दाखवलं. अर्ध्यात हिने विचारलं की पण त्या पक्ष्याचे पाय कुठल्या रंगाचे असतात. म्हटलं, फाटे फोडू नकोस. मग फोडले नाहीत. बघितलं तर झोपली होती.

१७ फेब्रुवारी.
चाचणी उत्तम झाली. काही बारीकसारीक गोष्टी नोंदवून ठेवतो.

बसमध्ये उलटी झाली. मलाच. ड्रायव्हर गाडी चालवतो की दळण दळतो, कळेना. हिने पर्समधून पिशवी काढून दिली. आधीपासून आणलेली. नवऱ्यावर एवढासुद्धा विश्वास नसावा!

पोहोचल्यावर कर्ण्यावरून भाषण सुरू केलं. ग्रुपमध्ये एक निवृत्त भूगोलाच्या बाई होत्या. मध्येच म्हणाल्या, हे वाक्य तुमच्या माहितीपत्रकात चौदाव्या पानावर आहे, फक्त तिथे ते पेंग्विनबद्दल आहे. मी म्हटलं, निसर्ग सगळीकडे सारखाच. त्यांनी विचारलं, आधी कधी आला होतात इथे? म्हटलं, मोजणं सोडून दिलंय.

तेवढ्यात पलीकडच्या लव्हाळ्यात पांढरे बगळे दिसले. तीसेक तरी असतील. अगदी शांत. मी सगळ्यांना थांबवलं, ध्यानस्थ बगळा या विषयावर दहा मिनिटं बोललो. सगळ्यांनी फोटो काढले. एका कॅमेरेवाल्या काकांनी मोठी लेन्स लावली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, साहेब, एका बगळ्यावर मिठाच्या कंपनीचं नाव आहे.

प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. वाऱ्याने लव्हाळ्यात अडकलेल्या. मी तिथल्या तिथे प्रदूषणावर बोलायला घेतलं. हजरजबाबीपणा लागतो या कामात.

वळून बघतो तर समोर दोघंच. त्यातले एक ड्रायव्हर. बाकी सगळे मागे हिच्याभोवती. हिने नुसतं बोट दाखवलं होतं म्हणे. काठावर निळा खंड्या होता, चोचीत मासा. मी कर्णा घेऊन समजावायला गेलो. तो उडून गेला.

परतताना भूगोलाच्या बाई हिच्या शेजारी बसल्या. दोघी मिळून दीड तासात दहा वाक्यं बोलल्या असतील. मला दया आली.

२ मार्च. दुपारी १.
रविवार. घरी मालकांचा फोन. म्हटलं, आला! घसा साफ करून घेतला. तर मालक म्हणाले, वहिनींना द्या.

ही सात-आठ वेळा ‘हो’ म्हणाली, एकदा ‘मला जमेल का?’ म्हणाली आणि फोन ठेवला. अठरा चिठ्ठ्यांपैकी सोळांवर लिहिलंय म्हणे, ‘मागच्या सीटवरच्या बाईंना पाठवा’. सतराव्या चिठ्ठीवर, ‘कर्णा नको’. अठरावी माझी.

माणसाला माणूस घडवावा लागतो. तेवीस वर्षं मी घडवली, आज फळ दिसलं. मालकांना मी तसं कळवणार आहे.

३ मार्च.
कळवलं. मालक म्हणाले, जरा दार लावून घ्या जाताना.

११ मार्च.
लीडर ही असल्यामुळे जोडीदार म्हणून मला नेता येतं. ऑफिसच्या फॉर्मवर तसा रकानाच आहे. हिने विचारलं, नाव घालू ना तुमचं? म्हटलं, मी कुणाच्या पदराला धरून देवमासा बघणार नाही. ही म्हणाली, बरं. पण पासपोर्ट तरी करून ठेवा, तीस एप्रिलपर्यंत रकाना रिकामा ठेवते.

मन मोठं करावं लागतं. जाईन. तिथे ही गोंधळली तर कुणीतरी हवं.

अर्ज सोमवारी.

२४ मार्च.
सोमवार. घसा धरला होता. हिने विचारलं, गेलात का? म्हटलं, अशा आवाजात सरकारी माणसाशी काय बोलणार?

७ एप्रिल.
सोमवार. गेलो. रांग दारापर्यंत होती. उभं राहायचं आणि आत गेल्यावर कळायचं की अमुक कागद राहिला, त्यापेक्षा तो कोणता कागद ते घरी बसून शोधलेलं बरं. परतलो. हिने विचारलं, झालं का? म्हटलं, जवळजवळ.

मुलगी म्हणाली, बाबा, मी येते बरोबर, अर्ध्या तासाचं काम आहे. तिला बजावलं की या घरातला जगाचा अनुभव असलेला माणूस मी आहे.

२१ एप्रिल.
सोमवार. आज हिने विचारलं नाही. एकदाचं पटलेलं दिसतंय.

३० एप्रिल.
तिकीटवालीने फॉर्म टेबलावर ठेवला, तपासून द्या म्हणाली. हिचं अक्षर. जोडीदाराच्या रकान्यात भूगोलाच्या बाई.

घरी गेल्यावर विचारलं. ही म्हणाली, संध्याकाळी पाचपर्यंत रिकामा ठेवला होता. एवढंच. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. माझ्याकडे तयार होतं.

५ जून.
ही गेली. विमानतळाच्या दारात मी देवमाशांबद्दल शेवटच्या सूचना देत होतो. भूगोलाच्या बाईंनी घड्याळ दाखवलं. ही वळली, काहीतरी आठवल्यासारखं करून परत आली. वाटलं, आता डोळ्यांत पाणी. म्हणाली, कुंड्यांना एक दिवसाआड घाला, रोज नको.

संकल्प: १९ दिवसांत घर लखलखीत करणे. देवमाशावर पंधरावा लेख.

१९ जून.
कुंड्या मेल्या. मी रोज घातलं. जास्तच प्रेम केलं, दुसरं काय.

७ जुलै. ऑफिस.
मालकांनी हिने लिहिलेला अनुभव माझ्या टेबलावर ठेवला. एक पान, हाताने लिहिलेलं. टाइप करा, एक शब्द बदलू नका, असं म्हणाले. पानात कुठेच काटा नाही, पाणी नाही. शब्द तर मुळीच अपुरे पडलेले नाहीत, मोजकेच आहेत. उतरवून घेतो:

“बोटीतल्या तिसऱ्या दिवशी देवमासा जवळ आला. त्याच्या श्वासाचे तुषार तोंडावर आले. त्याला वास होता, शिळ्या मासळीचा. बोटीतले आम्ही अकरा जण. कुणी काही बोललं नाही. मला कुणीतरी काहीतरी दाखवतंय आणि त्याबद्दल सांगत नाहीये, असं लग्नानंतर पहिल्यांदाच झालं.”

नवोदित लिखाण. वास तर काढायलाच हवा. कोण जाईल अशाने? मालकांना जाऊन म्हटलं, ‘लग्नानंतर’ गाळतो, वाचकाला संदर्भ लागत नाही. मालक म्हणाले, अहो, वाचकालाच लागतो. आणि म्हणाले, पुढच्या वर्षीपासून आठही पानं जाऊन आलेल्या माणसांकडूनच लिहून घेऊ.

आवाक्याबाहेरची कल्पना आहे. वर्षभरात माझ्याकडे परत येतील.

१८ ऑगस्ट.
मला नवं टेबल दिलं. झेरॉक्स मशीनशेजारी, खिडकीकडे पाठ. बढतीच म्हणायची, आता जगभर जाणारा प्रत्येक पासपोर्ट माझ्या हाताखालून जातो.

आज तिकीटवालीने हिचा आणला. सप्टेंबरात हत्तींची सहल, तिथून थेट अस्वलं, मग वाळवंट. ही लीडर, जोडीदाराच्या रकान्यात भूगोलाच्या बाई. नाताळानंतर परत. हिने मला काल सांगितलं असेल. मी तेव्हा तिला हत्तींबद्दल सांगत होतो.

सगळ्या पानांच्या प्रती हव्यात म्हणे. काढल्या. एक शिक्का जरा पुसट आला, म्हणून त्या पानाची प्रत पुन्हा काढली. तो बेटांचा होता, त्यावर छोटा देवमासा आहे. त्याची वर उचललेली शेपटी बघताना लक्षात आलं, शेपटीबद्दल मी कधी लिहिलंच नव्हतं. चौदा वेळा.

संकल्प: पुढच्या वर्षी हिला नक्की कुठेतरी घेऊन जायचं.

पासपोर्टचा अर्ज सोमवारी. आज सोमवारच आहे, पण साडेचार वाजून गेलेत.