माझ्या निबंधातली आई

४ सप्टेंबर

निबंधाचं पार वाटोळं झालं! सरांनी वर्गाचे गट पाडलेत. आधी एकमेकांचं वाचा, सुधारा, मगच माझ्याकडे आणा. चांगले निबंध शाळेच्या वार्षिक अंकात छापणार म्हणे. माझ्या गटात दोघं. एक ती, दिसेल त्यावर लाल रेघ मारणारी – तिचं नाव मी कात्री ठेवलंय. दुसरा, ऐकायच्या आधीच मान डोलावणारा – वाहवा.

मी बाबांवर लिहिलंय. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. अर्ध्या गावाला त्यांनीच गाडी शिकवली, आणि घरीही शिकवणं चालूच असतं. “मागे बघ, मग वळ!” – हे स्वयंपाकघरात, माझ्या हातात पातेलं असताना! फक्त आईला शिकवणं काही त्यांना जमलं नाही. तिनं महिनाभरात सोडून दिलं. तो प्रसंग विनोद म्हणून घातलाय.

कात्रीनं पहिलं पान अख्खं उडवलं. “‘मानवी जीवन हा एक प्रवास आहे.’ हा निबंध बाबांवर आहे की मानवावर?”

वाहवा म्हणाला, “मला आवडलं. प्रवास छानच आहे.”

६ सप्टेंबर

कात्रीशी बोलणार नाही.

७ सप्टेंबर

बोलले. पहिल्या पानाशिवाय निबंध खरंच बरा वाटतोय. छे!

९ सप्टेंबर

दुसरा खर्डा वाचला. कात्री गप्प होती, म्हणून मी हुरळले. मग म्हणते, “यात तुझी आई चारदा येते. चारही वेळा चहा घेऊन.”

“देतेच ती चहा.”

“गाडी का सोडली तिनं?”

“भित्री आहे.”

“ती म्हणाली असं?”

“बाबा म्हणाले.”

कात्रीनं रेघ मारली नाही. नुसती बघत राहिली. त्यापेक्षा रेघ परवडली असती!

वाहवा म्हणाला, “चहाचं वर्णन मात्र उत्तम.”

१० सप्टेंबर

आईला विचारलं. ती कपडे वाळत घालत होती.

“भित्री? मी?” उशीची ओली खोळ तिनं अशी झटकली की माझंच तोंड धुतलं गेलं. “अगं, शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. मी जरा वेग घेतला की ह्यांनी दाबलाच! कोपऱ्यापर्यंत जाईतो मान मोडायची वेळ. गाडी मी चालवतच नव्हते, नुसती धरून बसले होते.”

“म्हणून सोडलीस?”

“सोडली कुठं? पुलापलीकडे जाऊन शिकले. लायसन्स आहे माझ्याकडे.”

पुलापलीकडचं स्कूल! बाबा ज्यांना ‘ते भामटे’ म्हणतात, ते!

“आणि बाबांना?”

“त्यांनी कधी विचारलं नाही. चिमटे दे इकडे.”

११ सप्टेंबर

सगळं जसंच्या तसं लिहिलं आणि गटापुढे वाचलं. आणि जग उलटंच झालं! कात्री म्हणाली, “यातला एक शब्द काढलास तर बघ.” वाहवाची मान हललीच नाही. “हे काढ,” म्हणाला. “अंक घरोघरी जाणार. तुझ्या बाबांना हे गावाबरोबर कळणार?”

मग दोघं भांडले. वाहवाला आवाज चढवता येतो, हे आज कळलं. आणि पंचाईत अशी की दोघांचंही बरोबर!

१२ सप्टेंबर

आईनंच सोडवलं. “छाप खुशाल. पण आधी त्यांना वाचून दाखव. मी बसते इथं.”

वाचलं. ‘भामटे’ शब्द मी हळूच गिळला, तर आई म्हणाली, “नीट वाच.”

बाबांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला. आईकडे वळले.

“त्यांच्याकडे?”

“हो.”

“पहिल्या फटक्यात पास?”

“हो.”

“रिव्हर्ससुद्धा?”

“सुद्धा.”

उठून बाहेर गेले. जेवायला आले, खाली मान घालून जेवले आणि उठले. निबंध फाडून टाकावासा वाटतोय. कात्री फोनवर म्हणाली, “फाडू नकोस, मी येते.” आली, आणि निबंधाबद्दल चकार शब्द न काढता शेजारी बसून राहिली.

१३ सप्टेंबर

आज बाबांनी घरात कुणालाच काही शिकवलं नाही. मी मुद्दाम मागे न बघता वळले, आईला धडकले. तरी नाही. रडूच आलं.

१४ सप्टेंबर

अक्षर वाकडं येतंय, कारण चालत्या गाडीत लिहितेय. सकाळी बाबांनी किल्ली आईच्या हातात दिली आणि स्वतः मागं माझ्याशेजारी येऊन बसले. आई भलत्याच वेगात आहे. मागं ब्रेक नाही, तरी बाबांचा पाय दोनदा खाली दाबला गेला; आता डोळे गच्च मिटून, सीटवर मांडी घालून बसलेत.