मुहूर्ताचा भाव

पप्पा, आईनं सिल्लोडचा तुमचा गाळा विकला. पैसे तिच्या खात्यात आलेत आणि ते सगळे मी क्रिप्टोत टाकावेत म्हणून ती सकाळपासून माझ्या मागं लागलीय. तुमच्या वेळी हे नव्हतं. पैसाच आहे, पण नोट नाही, नाणं नाही, सगळं मोबाईलवर. मागं कुठलं सरकार नाही. घेणारा आहे तोवर भाव आहे. कापसासारखंच म्हणा, फक्त याची वातसुद्धा वळता येत नाही.

आणि खरं सांगतो, मला त्यात मिळालंय. कॉलेजात असताना ट्यूशनच्या पैशातून थोडं बिटकॉइन घेतलं होतं. ते वाढलं, विकलं, टॅक्स भरला आणि आईला वॉशिंग मशीन आणलं. तिनं अख्ख्या गल्लीला बोलावून दाखवलं, "पोरानं मोबाईलमधून काढलंय!" तेव्हापासून घरात शहाणा मीच. मग पगार सुरू झाल्यावर एक नवीन, छोटं कॉइन घेतलं. चितेगावच्या कंपनीतला माझा मित्र म्हणाला, "भाई, अभी घुस, नंतर रडशील." घुसलो. भाव असा चढला की जेवता जेवता मी आईला स्क्रीन दाखवायचो. गाळा विकायचं तिच्या डोक्यात माझ्यामुळंच आलं.

आज सकाळी कणिक मळता मळता ती म्हणते, "तुझे पप्पा जन्मभर थांब थांबच करत राह्यले. तू तरी धाडस कर." मनात म्हटलं, आधी माझंच विकून बघतो. थोडं विकलं, लगेच गेलं. मग सगळं विकायला टाकून बघितलं, तर बटण दाबायच्या आधीच हातात येणारी रक्कम धाडकन खाली आली, निम्म्याच्याही खाली. वर मात्र तोच चढलेला भाव, हिरवागार. मोठा माल घ्यायला कुणीच उभं नाही, पप्पा.

आणि तुमच्या कापसाच्या जिनिंगचं आवार आठवलं. मी लहान आहे, हंगामाची पहिली गाडी आलीय. गाडीवाल्याला टॉवेल, टोपी, नारळ, आणि सगळ्यांपुढं तुम्ही ओरडून सांगितलेला मोठा भाव. मी टाळ्या वाजवतोय. दुसऱ्या दिवशी तोच भाव ऐकून एक काका टेम्पो भरून आले, तर तुम्ही कितीतरी कमी सांगितला. "काल तर लई दिला की वो शेठ!" "व्हय मामा, तो मुहूर्ताचा भाव. एका गाडीपुरता. मान असतोय तो, भाव नाय." मी सगळ्यांसमोर म्हणालो, "पप्पा, यू आर लाइंग!" तुम्ही दंड धरून मला बाजूला ओढलंत. "इंग्रजीत बोलला म्हणून खरं होत नाय. पहिल्या गाडीचा भाव कुणी पण सांगतं. शेवटच्या गाडीला काय मिळालं ते विचारत जा." मी लई दिवस तुमच्याशी धड बोललो नाही. पुढच्या हंगामाला तुम्ही नव्हता.

आई हात पुसत आली. तिच्या खात्यातून माझ्या खात्यात पैसे वळवायला तिच्या फोनवर ओटीपी आला होता. ती एकेक आकडा मोठ्यानं वाचायला लागली. मी म्हटलं, "थांब. सर्व्हर डाऊन आहे." "मग दुपारी टाकू." दुपारीही डाऊन. आता बाहेरच्या खोलीतून विचारतेय, "आला का रे तुझा सर्व्हर?"

तिचे टाकणार नाही, ते ठरलं. पण का नाही ते सांगायचं तर माझे अडकलेत हे सांगावं लागेल, आणि वॉशिंग मशीनवाला पोरगा तिथंच संपला. तुम्ही निदान त्या काकांच्या तोंडावर बोललात, तेही पोरगा शेजारी उभा असताना.

आली, दारातच उभी आहे. "काय टाईप करतोय एवढं? सर्व्हरला लेटर लिहितोय का?" तिला आत बोलावतो आणि मुहूर्ताच्या भावापासून सुरू करतो. हे तसंही पाठवणार कुठं, मोबाईलमध्येच राहील. फक्त एक सांगतो. माझं उरलेलं कॉइन मी अजून विकलेलं नाही. हे लिहिता लिहिता मधेच जाऊन भाव बघून आलो. थोडा वर गेलाय. बरं वाटलं.