काकांच्या नावावर शून्य

३ मार्च, मंगळवार

बडे साहेब बोलले. हजारो किलोमीटर लांबून, पडद्यावरून. आणि आम्हाला सगळ्यांना कॅन्टीनमध्ये उभं करून ऐकवलं. खुर्च्या मुद्दाम काढल्या होत्या म्हणे, "एनर्जी" राहावी म्हणून. माझे गुडघे काय म्हणतात ते कुणी विचारलं नाही.

सार एवढंच — गेम संपता कामा नये. पूर्वी लोक गेम विकत घ्यायचे, खेळायचे, संपवायचे, खुश. आता म्हणे तो धंद्याचा तोटा. दर तीन आठवड्यांनी नवा सीझन, महिन्याची वर्गणी, पोस्टमनला विकतच्या टोप्या. आमचा पोस्टमन! डोंगरातल्या गावांत सायकलवरून पत्रं वाटणारा साधा माणूस, शेवटचं पत्र पोचवून घरी जायचा. त्याला आता घरी जायची परवानगी नाही.

आणि मग हसत हसत — "इंडस्ट्रीचा ट्रेंड स्पष्ट आहे. टेस्टिंग यापुढे मशीन करेल." टेस्टिंग म्हणजे आम्ही. गेम बाजारात जाण्याआधी तो खेळून खेळून त्यातले बग, म्हणजे चुका, शोधून काढणारे अकरा जण. त्यांची प्रमुख मी. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सवयीने असेल.

४ मार्च

कंपनीचा शेअर चढला. आम्ही जाणार म्हणून.

६ मार्च, शुक्रवार

मास्तरने बोलावलं. अकरातले तिघे ठेवायचे, बाकीच्यांना नारळ.

मास्तर म्हणजे कंपनीचा मूळ मालक. टायरच्या दुकानावरच्या खोलीत सुरुवात केली तेव्हा गणिताच्या शिकवण्या घेऊन खोलीचं भाडं भरायचा, म्हणून मास्तर. चार जण, एक पंखा. दोन वर्षांपूर्वी बड्या साहेबांनी कंपनी विकत घेतली. आता तो काचेच्या खोलीत बसतो आणि त्यांचे निरोप आमच्यापर्यंत पोचवतो. शर्टसुद्धा कंपनीच्या रंगाचे घालायला लागलाय.

"कोण राहणार ते आकडे ठरवतील," म्हणाला. "नऊ वर्षांत कुणाच्या नावावर किती बग नोंदले गेलेत, त्यावरून."

"माणसं आकड्यांवर तोलणार तू?"

"तोलणारा मी नाही. यादी माझ्या हातून जाणार, एवढंच."

वर बघितलंसुद्धा नाही. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा हाच माणूस तीन दिवस हॉस्पिटलच्या बाकावर झोपला होता. आता असा.

९ मार्च, सोमवार

आमच्या अकरा जणांतले काका जेवणाच्या सुट्टीत जवळ येऊन बसले. वय छप्पन. आधी घड्याळं दुरुस्त करायचे, दुकान बंद पडलं, मग सत्तेचाळिसाव्या वर्षी आमच्याकडे आले. सगळे हसले होते तेव्हा, मीसुद्धा. पण असा टेस्टर पुन्हा बघितला नाही. बाकीचे गेम जिंकायला बघतात. काका पोस्टमनला प्रत्येक भिंतीला खांदा घासत चालवतात. प्रत्येक दार, प्रत्येक पायरी, सावकाश. पाऊस पडत असताना, हातात पत्र धरून, पुलावर उलटं चाललं की पोस्टमन पुलातून खाली पडतो आणि खेळणाऱ्याची सगळी प्रगती पुसली जाते — हे कुणाला सापडेल? काकांना सापडलं. बाजारात गेलं असतं तर लोकांनी आम्हाला फाडून खाल्लं असतं.

आज वेगळंच बोलले. काकूंच्या हृदयाची झडप बदलायची आहे. पंधरा एप्रिलची तारीख मिळाली. खर्च कंपनीच्या विम्यातून. नोकरी गेली तर विमा महिनाअखेरीला बंद.

"होईल गं आपलं," म्हणाले. "नऊ वर्षं बग काढलेत. आकडेच बघणार असतील तर बघू देत."

"काका, तुमचं नाव पहिलं असेल," मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

११ मार्च, बुधवार

आकडे आले. माझ्या नावावर चार हजार एकशे बारा. काकांच्या नावावर शून्य.

आधी वाटलं यंत्राची चूक. मग लक्षात आलं. चूक माझी.

काकांना टाइप करणं जमत नाही. एका बोटाने अक्षर शोधतात. आणि आमचा फॉर्म बावीस रकान्यांचा. पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं होतं, काका, तुम्ही सांगा, मी टाकते, फटाफट होईल. तेव्हापासून ते माझ्या खुर्चीमागे उभे राहून सांगतात आणि मी लिहिते. माझ्या लॉगिनने. "कुणाला सापडला" हा रकाना लॉगिन बघून आपोआप भरतो. तो बदलता येतो. मी कधी बदलला नाही. वाईट हेतू नव्हता — सुचलंच नाही. काकांनाही नाही. काम उरकत होतं, दोघं खुश होतो.

चार हजारांतले माझे स्वतःचे दोनशे निघाले तर खूप.

१२ मार्च, गुरुवार

मीटिंग. मी, मास्तर, आणि पडद्यावर मुख्य ऑफिसची दोन माणसं. माझा आकडा मोठ्या अक्षरांत. एक जण म्हणाला, "या बाई म्हणजे खाणच आहेत." त्यांना मी हवी आहे. मशीनला शिकवायला. नवं पद, पगार वाढवून.

मास्तरने विचारलं, "या आकड्यांबद्दल तुला काही सांगायचंय?"

सांगायचं होतं. पण खरं सांगितलं तर माझे दोनशे, आणि दोनशेवाल्यांना नारळ. नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली, घरात कमावती मी एकटी. लेक कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, वसतिगृहात. हे सगळं एका क्षणात डोक्यात येऊन गेलं.

"नाही," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

दातखीळ बसली असती तरी चाललं असतं. आवाज अगदी स्वच्छ आला, तेच खटकतंय.

१३ मार्च

सोमवारी सांगेन.

१६ मार्च, सोमवार

नाही सांगितलं.

यादी आज लागायची होती, लागली नाही. मास्तर काचेमागे बसून आहे. अकरा माणसांचा जीव टांगणीला लावून याला काय मिळतं? आकडे तयार, नावं तयार, मग लाव ना बाबा एकदाची. सत्ता दाखवतोय. दोनदा माझ्या टेबलापाशी येऊन घुटमळला. एकदा म्हणे, "कॉफी घेतेस?" मी म्हटलं, काम आहे. निघून गेला.

१८ मार्च, बुधवार

यादी नाही.

काकांना आज एक बग सापडला. नेहमीसारखे मागे येऊन उभे राहिले. "घे, लिही." मी लिहिलं. बावीस रकाने. या वेळी "कुणाला सापडला" मध्ये जाऊन माझं नाव खोडलं, काकांचं घातलं. पडद्यावर चौकट आली — नाव बदलण्याचं कारण द्या.

काय कारण देऊ? एकाचं दिलं की चार हजारांचं द्यावं लागेल. रद्द केलं. परत माझं नाव आलं. काका मागेच उभे होते, चष्मा डोक्यावर ठेवून. त्यांना दिसलं नाही. म्हणाले, "झालं? वा, तुझा हात म्हणजे मशीनच."

घरी येऊन जेवले नाही.

२० मार्च, शुक्रवार

लेकीचा फोन. न राहवून सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ दे गं आई.

"तू अजून सांगितलं नाहीस?"

"सांगीन."

"कधी?"

मी चिडले. म्हटलं, हे सगळं कुणासाठी चाललंय? तुझ्यासाठीच ना?

"माझ्या गळ्यात घालू नकोस," म्हणाली, आणि फोन ठेवला.

कार्टी. खरं बोलली म्हणून जास्त राग आला.

२१ मार्च

साडी नीट करायची होती, कपाट आवरायचं होतं. काहीच केलं नाही. सोमवारी नक्की.

२३ मार्च, सोमवार

सकाळी सांगणार होते. मनाशी वाक्यंसुद्धा जुळवली होती. पण दहा वाजता मास्तर फोनवर होता, अकराला परत फोनवर. बारा वाजता म्हटलं, जेवण झाल्यावर जाऊ. एक वाजता यादी लागली.

आठ जण गेले. काका त्यांत.

प्रत्येकाला एक खोका दिला सामान भरायला. काकांचं सामान काय — भिंग, घड्याळजीचा छोटा स्क्रूड्रायव्हर, पाण्याची बाटली. खोका रिकामाच. जाताना टेबल ओल्या फडक्याने पुसून दिलं.

"तुझं राहिलं ना? मग बरं झालं," म्हणाले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या.

मास्तर खोलीतून बाहेर आला नाही. एवढी जुनी माणसं गेली आणि हा पाठ करून बसला होता. भेकड मेला.

२४ मार्च, मंगळवार

काकांना फोन केला. काकूंनी उचलला. म्हणाल्या, "हे बाहेर गेलेत, कुठे काम मिळतंय का बघायला. तू कशी आहेस? जेवलीस का?"

मी ठीक आहे म्हटलं. मग बराच वेळ बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

२५ मार्च, बुधवार

आज गेले काचेच्या खोलीत. उभ्याउभ्याच सांगितलं, पहिल्या आठवड्यापासून सगळं. म्हटलं, माझी जागा काकांना दे, मला काढ.

मास्तरने हातातला फोन उलटा ठेवला. मग म्हणाला, "मला माहीत होतं. काका मागे उभे राहून सांगतात आणि तू लिहितेस, हे नऊ वर्षं बघतोय मी."

"मग तू का नाही बोललास?"

"मी बोलून चालणार नव्हतं. तुझ्या लॉगिनवरचं तूच सांगायला हवं होतं, त्याशिवाय मुख्य ऑफिसवाले मानत नव्हते. म्हणून दोनदा विचारलं. रोज काहीतरी सबब सांगून यादी आठवडाभर दाबून ठेवली. सोमवारी सकाळी दोन फोन आले, मग नाही थांबवता आली."

"आता?"

त्याने नकारार्थी मान हलवली. गेलेल्यांच्या जागाच काल रद्द झाल्या, आता मला काढलं तरी काकांना परत घेता येणार नाही. डोळे लाल होते त्याचे. मी परवापासून त्याला भेकड म्हणतेय.

दारापर्यंत आले तेव्हा म्हणाला, "तू येशील असं वाटलं होतं गं."