अण्णांच्या पासवर्डने

३ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

पत्र बघून हसशील. दिवसाला दहा मेसेज टाकणारी मावशी आज कागद-पेन घेऊन बसलीय! पण तुझा आवाज ऐकला की माझी बोबडी वळते, म्हणून लिहिते.

तुझी फाइल कोणीतरी उघडली, अशी तू आमच्या हॉस्पिटलकडे तक्रार केलीस ना? ती मी उघडली. मानसोपचाराच्या यादीत तुझं नाव दिसलं आणि काळजाचं पाणी झालं. मी पडले नोंदणीच्या खिडकीवरची, माझ्या पासवर्डने फाइल उघडत नाही. पण आमच्या रेकॉर्डवाल्या अण्णांचा पासवर्ड कीबोर्डाखाली चिकटवलेला असतो, आणि तो सगळेच वापरतात. डॉक्टरांनी लिहिलेलं मी शेवटपर्यंत वाचलं आणि संध्याकाळी ताईला सांगितलं. वर, कुणाला बोलू नकोस, अशी तंबीही दिली. काळजी होतीच गं, पण नुसती काळजी नव्हती. तुझं काय बिनसलंय ते मला आधी कळायला हवं होतं.

कॉम्प्युटरमध्ये कोणी, कधी उघडलं ते सगळं राहतं. तिथे अण्णांचं नाव निघालं आणि त्यांना नोटीस मिळाली. बिचारे सगळ्यांना सांगताहेत की मी तेव्हा जेवत होतो. आठ दिवस मी त्यांच्या शेजारी बसून तोंडात मिठाची गुळणी धरली. माझी मलाच शरम वाटते. उद्या साहेबांना सांगणार आहे.

पण तू डॉक्टरांच्या दोन तारखा चुकवल्यास. माझ्यावरच्या रागापायी औषध सोडू नकोस, बाळा.

तुझी,
मावशी

९ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तू असणार हे मला आधीच कळलं होतं. आईबद्दल मी डॉक्टरांना रडत रडत जे सांगितलं, ते आईने मला शब्दन् शब्द ऐकवलं. तेव्हापासून आम्ही दोघी एका घरात पाहुण्यांसारख्या राहतो. तक्रारीत तुझं नाव मुद्दाम घातलं नाही. वाटलं, तू स्वतःहून सांगशील. सांगितलंस, तेव्हा पत्र छातीशी धरून रडले.

मग परत वाचलं. तारखा चुकवल्याचं मी कुणालाच सांगितलेलं नाही, आईलाही नाही. ते फक्त फाइलमध्ये आहे.

तब्येतीची काळजी घे.

तुझी,
ठमी

१४ मार्च

चि. ठमीस,
आशीर्वाद.

हो. पत्र लिहायच्या आदल्या दिवशी परत बघितलं. अण्णांचा पासवर्ड बंद झाला होता, वॉर्डातल्या सिस्टरचा वापरला. तू येतेस की नाही एवढंच बघायचं होतं, असं मनाला समजावलं.

साहेबांनी किती वेळा म्हणून विचारलं, तेव्हा मी एकदा म्हणाले होते. काल परत जाऊन दोनदा म्हणून सांगितलं. अण्णा सुटले. मला सोमवारपासून येऊ नका म्हणालेत, आणि ते बरोबरच आहे.

तू दुसरा डॉक्टर गाठ. कुठला, ते मला सांगू नकोस. मी विचारेन, मला माझा स्वभाव माहीत आहे. विचारलं तरी सांगू नकोस.

लोभ असावा म्हणायला तोंड उरलं नाही. माझा आहेच.

मावशी