पारास्किवाने चोरलेलं लोणी

१९ एप्रिल
सावेता बहिणीकडे निघून गेली. मी एवढंच म्हणालो होतो की लोणी काढणं हे बायकांचं बसून गप्पा मारायचं निमित्त आहे. बत्तीस वर्षांच्या संसारात हे एक वाक्य सहन होत नाही! एक गोळा काढून दाखव, मग परत येते, म्हणे. उद्याच बोलावतो. लाकडाच्या गिरणीत तीस वर्षं मशीन चालवलंय मी. इथे तर नुसता दांडा पिंपात वरखाली करायचा.

२० एप्रिल, दुपार
पिंप उकळत्या पाण्याने धुतलं. स्वच्छता म्हणजे स्वच्छता. थंडीत कुडकुडायला मी काही मूर्ख नाही, चुलीला पाठ लावून बसलो. दोन तास घुसळलं. फेस. नुसता फेस! जोयाना गाय आळशी झालीय. तिला तोंडावर सांगितलं.

२१ एप्रिल
तीन तास. हाताला फोड. शेजारची पारास्किवा खिडकीतून डोकावली. काय ग्लिगोरदादा, लोणी काढताय की विहीर खणताय? तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या दुधाचा कस हीच पळवते! तिच्या त्या मरतुकड्या गाईला एवढं लोणी येतं कुठून?

२२ एप्रिल
उद्या संत जॉर्जचा सण. म्हणजे आज चेटकिणींना जोर. फाटकाला, गोठ्याला, पिंपालासुद्धा काटेरी रानगुलाब बांधला. आणि पारास्किवा नेमकी आजच मीठ मागायला! आज घरातली चिमूटभर वस्तू बाहेर गेली की कस गेलाच. चोरटी म्हणालो तिला. सगळ्या गल्लीने ऐकलं. ऐकू दे! तर म्हणते, दादा, आधी त्या चुलीपासून उठा. विषय बदलते, लबाड. संतापून चुलीत आणखी दोन लाकडं घातली.

२३ एप्रिल
सावेता आली. चोरटी म्हटल्याची बातमी पारास्किवाने फोनवर पोचवली होती. सावेता थेट पिंपाकडे. पिंप उचलून थंड तळघरात ठेवलं, पारास्किवाकडे मीठ घेऊन गेली, माझ्या वतीने माफी मागून आली. माझ्या वतीने! मग वीस मिनिटं घुसळलं. हा एवढा गोळा. रानगुलाबाचा गुण, दुसरं काय!
मी म्हणालो, निघालं की लोणी, आता राहा.
कुणी काढलं, म्हणाली.
अर्धं लोणी पारास्किवाला दिलं, अर्धं घेऊन पुन्हा बहिणीकडे गेली. मला ताक ठेवलंय. मघापासून तेच पितोय. घरात दुसरं काही नाही.