मफलर आणि अठ्ठ्याहत्तर पाने

१६ मार्च १९७४, शनिवार. पलूस.
मिरजेला डॉक्टरांकडे जाऊन आलो. म्हणजे दारापर्यंत. आत फार गर्दी होती. तीन माणसे. त्यातल्या एकाच्या गळ्याला बँडेज होते. असल्या ठिकाणी बसून नसते इन्फेक्शन घेण्यात अर्थ नाही.
डाव्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यात गाठ आली आहे. बारीकच. सुपारीएवढी. उष्णतेची असणार. चुलत्यांना तिथेच आली होती, आणि ते चार महिन्यांत गेले. पण ते तंबाखू खायचे. मी खात नाही. आमचे पीटीचे नानासो मास्तर देतात ती चिमूट सोडून.
परतीच्या गाडीला वेळ होता. स्टेशनवर शेजारी एक हिप्पी बाई, गोव्याच्या गाडीसाठी थांबलेली. उपाशी दिसली. डब्यातला दहीभात दिला. तिने सगळा खाल्ला आणि झोळीतून पत्त्यांचा एक जोड काढून माझ्या हातावर ठेवला. इंग्रजी फार भरभर. तिला तो आता नको होता, कारण भीती वाटते, एवढे समजले. या लोकांना कशाचीही भीती वाटते.
पत्त्यांचे नाव टॅरो. लिहिताना शेवटी टी आहे, तो गिळायचा. अठ्ठ्याहत्तर पाने आणि एक चोपडी. भविष्य समजते. मी ड्रॉइंग टीचर, चित्रांची भाषा मला उपजत. वर्षभरात सांगली जिल्ह्यातला पहिला टॅरो-तज्ज्ञ व्हायचे ठरवले.

१७ मार्च, रविवार
चोपडी वाचली. नवशिक्यांसाठी सूचना अशा: सकाळी एकच पान काढावे. त्याची रोजनिशी ठेवावी (म्हणून ही वही). प्रश्न स्पष्ट विचारावा. तोच प्रश्न पुन्हा विचारू नये. मन भ्यालेले असताना पानांना हात लावू नये. ही शेवटची सूचना इतरांसाठी आहे. शेवटच्या पानावर डॉक्टरांबद्दल काहीतरी बारीक टाइपात आहे. टाइप फारच बारीक.
पहिला प्रश्न: माझी एकूण तब्येत कशी?
पान: पांढऱ्या घोड्यावर हाडांचा सापळा, हातात काळे निशाण. खाली लिहिले आहे, डेथ.
चोपडी म्हणते, याचा अर्थ मरण नव्हे, बदल. ठीक. मग घोड्याच्या पायाशी मेलेला राजा कशाला काढला? ड्रॉइंगच्या दृष्टीने अनावश्यक.
दुपारी प्रश्न बदलून विचारला: माझ्या डाव्या बाजूची तब्येत कशी? हा वेगळा प्रश्न आहे. लाल बदाम, त्यात तीन तलवारी आरपार.
मन शांत आहे. जेवलो नाही, पण ते उन्हामुळे.

२० मार्च, बुधवार
मफलर वापरायला सुरुवात केली. हवेत गारठा आहे. वर्गातली पोरे घामाने निथळत होती, त्यांची प्रकृतीच तशी. हेडमास्तरांनी विचारले. घसा, म्हणालो. सौ. शालूनेही विचारले. तिलाही घसा.

२४ मार्च, रविवार. पाडवा.
अभ्यंगस्नान मानेखालून केले. सौ. तेलाची वाटी घेऊन बराच वेळ मागे उभी होती. मफलर सोडा म्हणाली. मी सणाच्या दिवशी वाद नको म्हणालो.
नवीन वर्षाचा संकल्प: रोज एकच पान.
संध्याकाळी सात काढली. सण होता. पाचव्यात एक माणूस अंथरुणात उठून बसलाय, तोंड दोन्ही हातांनी झाकलेले. तो मी नव्हे. माझे केस विरळ आहेत.

३१ मार्च, रविवार
आज पहिले गिऱ्हाईक. शेजारच्या हरणाबाई. मास्तर पाने बघत्यात, हे त्यांना सौ.ने सांगितले म्हणे. त्यांचा एकुलता एक बाळासो फौजेत, काश्मीरला. वैशाखात त्याचे लग्न ठरले आहे, आटपाडीकडची मुलगी. रजा मिळेल का, एवढेच त्यांना विचारायचे होते.
पान निघाले मनोऱ्याचे. वर वीज पडलीय, कळस उडालाय, दोन माणसे खाली डोके वर पाय अशी कोसळताहेत.
समोरच्या माणसाला घाबरवू नये, अशीही चोपडीत सूचना आहे. ती मी पाळली. आवाज स्थिर ठेवून सांगितले, बाळासोला उंचावर जाऊ देऊ नका. चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही. त्या चहा तसाच टाकून गेल्या, तो बहुधा गार झाला होता.
विद्या जमू लागली आहे.

५ एप्रिल, शुक्रवार
गाठ वाढली की काय? मोजायला काही साधन नाही. दाबून पाहिले की दुखते, म्हणून दर तासाला दाबून पाहतो. न दुखणारी वाईट, असे कुठेतरी वाचले होते. की दुखणारी?
नानासोंना मिरजेचा विषय सहज काढून विचारला, तिथे ऑपरेशन करतात ते भूल देऊन का? त्यांनी त्यांच्या मेव्हण्याची हकीकत सांगायला घेतली. मला तातडीने फळ्यावर आंबा काढायचा होता.

१० एप्रिल, बुधवार
हरणाबाईंनी अन्न सोडले आहे. दिवसभर उंबऱ्यात बसून पोस्टमनच्या वाटेकडे बघतात. मुलीकडच्यांना निरोप धाडला, तारीख पुढं ढकला, पोराच्या जिवाला धोका हाय. मुलीकडचे बिथरले, दुसरे स्थळ बघतो म्हणाले.
सौ. सकाळपासून माझ्याशी बोललेली नाही. दुपारी एवढेच म्हणाली, “त्या म्हातारीला जाऊन सांगा, मला काय बी कळत न्हाई म्हनून.”
जाणार होतो. पण आज मी काढलेले पानही चांगले नव्हते. अशा दिवशी कुठे जाऊ नये.

१८ एप्रिल, गुरुवार
बाळासो आला. धडधाकट. दोन महिन्यांची रजा घेऊन, हातात ट्रंक. लग्न मोडायला आले आहे, ते त्याला घरी पोचल्यावर कळले.
तो आमच्याकडे यायला निघाला तेव्हा मी योगायोगाने कणगीच्या मागे काही शोधत होतो. सौ. म्हणाली, हायत की घरात, कणगीच्या मागं. बाहेर यावे लागले.
मला वाटले, हात उगारणार. त्याने पायातले बूट काढले, वाकून नमस्कार केला. एकेकाळी माझा विद्यार्थी. मग हळू आवाजात म्हणाला, “मास्तर, मी चौदा हजार फुटांवर ऱ्हातो. तिथं खाली उतरायला जागाच न्हाई. आईला आता झोप येत न्हाई, मी घरात असूनबी. हात लावून लावून बघती.”
मी म्हणालो, पानाचा अर्थ बदल असाही होतो. त्याने बूट पायात घातले.
सौ. त्याच्याबरोबर गेली. मुलीकडच्यांना समजवायला उद्या ती आणि हरणाबाई एस. टी.ने आटपाडीला जाणार. मलाही येण्याचा आग्रह झाला, पण परीक्षेचे पेपर तपासायचे आहेत. ड्रॉइंगचे.

२१ एप्रिल, रविवार
लग्न पुन्हा जुळले. सौ.ने तिथे सांगितले म्हणे, आमचे मालक चित्राचे मास्तर, त्यांना चित्रंच कळत्यात, भविष्य न्हाई. या वाक्यात माझा अपमान आहे की नाही, ते अजून ठरत नाही.
सकाळी पान काढून बसलो होतो. एक बाई सिंहाचा जबडा दोन्ही हातांनी धरून उभी. शांत, जराही न भिता. चोपडीत अर्थ: शक्ती. मी मनोमन ताडले, सिंह म्हणजे मी.
सौ. मागून बघत होती. म्हणाली, ही बाई बरी हाय, भ्या न्हाई हिला. एवढे बोलून तिने माझा मफलर सोडला आणि गाठीवर बोटे ठेवली. बोटे गार होती.
मी म्हणालो, कालपासून आहे.
ती म्हणाली, “होळीपासनं हाय. रोज बघती मी, तुमी झोपल्यावर. धाकट्या मामंजींची बी अशीच हुती. मला भ्या वाटत न्हाई व्हय? तुमी पानं घिऊन बसला. मी कुनाकडं बघायचं?”
मग पदर तोंडाला लावून बसली. मी सगळी पाने गोळा करून तिच्यापुढे ठेवली. एक चुलीजवळ गेले होते, तेही आणून दिले. ती काय करील त्याचे?
उद्या मिरज, ती म्हणाली. मी होय म्हणालो. म्हणजे मान हलली.

२२ एप्रिल, सोमवार
गाडीत सौ.ने माझा हात सोडला नाही. चारचौघांत हे बरे दिसत नाही, असे मी सांगणार होतो. सांगितले नाही, कारण तिला आधार हवा होता.
दवाखान्याच्या दारात पायाला मुंग्या आल्या. बसून राहिल्याने येतात. बाकावर पुढे दोघेजण. मी म्हणालो गर्दी आहे. ती म्हणाली बसा.
डॉक्टर तरुण. गाठीवर बोट ठेवले, तोंड उघडा म्हणाले, बॅटरी मारली. एका मिनिटात आटोपले. आत डाव्या बाजूला अक्कलदाढ आडवी उगवते आहे. हिरडीत पू. त्याची गाठ. दुसरे काही नाही. या वयात उगवते कधीकधी, म्हणाले. किती दिवस त्रास होतोय? मी चार दिवस म्हणालो. सौ. म्हणाली दीड महिना. दीड महिना काय करत होतात, असे त्यांनी विचारले. सौ. माझ्याकडे बघत राहिली. अभ्यास, म्हणालो.
गोळ्या दिल्या. पू उतरला की दाढ काढायची.
बाहेर आल्यावर सौ. पायरीवर बसून रडली. आता रडण्यासारखे काय होते? बायकांना धीर कमी. मीही शेजारी बसलो. डोळ्यांत धूळ जात होती, मिरजेला धूळ फार.

२७ एप्रिल, शनिवार
अक्कलदाढ काढली. मी ओरडलो नाही. बाहेर बाकावर बसलेल्या लोकांना ऐकू आले, असे सौ. म्हणते, पण तो दुसरा कोणी असेल.
बोलता येत नाही, कापूस आहे. त्यामुळे घरात शांतता. सौ.ने भाताची पेज केली. हरणाबाई लग्नाचे आवतण द्यायला आल्या, माझ्याकडे बघून लांबूनच अक्षता ठेवून गेल्या.
गाठ कालपासून उतरते आहे. सगळ्या प्रकरणात डोके थंड ठेवणारा घरात मी एकटाच होतो, याची इथे नोंद करतो.
डॉक्टर म्हणाले, उजव्या बाजूचीही तशीच आडवी आहे, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात मला सवड नाही. शाळेला सुट्टी लागते आहे, हे खरे. पण सवड नाही.